कायद्याची दारूबंदी आणि प्रतिज्ञेची दारूमुक्ती

दारूचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन गट पडतात. एक गट म्हणतो, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांमध्येच दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली आहे, आता त्यावर बोलायचे काय राहिले? दुसरा गट १९५१ सालचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा पुढे करतो आणि सांगतो, बाबासाहेब तर दारूबंदीच्या विरोधात होते! पहिला गट प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणतो, पण ती मंगळवारी संध्याकाळी पगार हातात आल्यावर कशी पाळायची हे सांगत नाही. दुसरा गट जाहीरनाम्याचा अर्धा अर्थ घेतो आणि ग्लास भरतो.

आमचे म्हणणे असे आहे की १९५१ चे बाबासाहेब आणि १९५६ चे बाबासाहेब यांच्यात काडीचाही विरोध नाही. कायद्याने बाटली लपते. ती सुटते तेव्हाच, जेव्हा माणूस रोज स्वतःला तपासतो आणि त्याच्या सोबतीला त्याचे लोक असतात. हे रोजचे तपासणे बाहेरून उसने आणायची गरज नाही, ते बुद्धाच्या धम्मात पहिल्यापासून आहे. इतिहास काय सांगतो ते पाहू.

दारू वस्तीत कोणी आणली?

"हे लोक पितातच" असे आपल्याबद्दल सहज बोलले जाते. जणू दारू जातीबरोबर जन्माला आली. पण दारूच्या इतिहासात सरकारी तिजोरीचा हात फार मोठा आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा केला. त्याआधी गावोगावी, पाड्यापाड्यांवर मोहाची दारू गाळली जाई, ताडी उतरवली जाई. कायद्यानंतर गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारच्या परवान्याखाली गेला, मक्तेदार आले, दुकाने आली. १८९२ साली तर खास मोहाच्या फुलांवर कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींना स्वतःच्या रानातले फूल साठवणेही अवघड झाले. जे सणासुदीला घरी होत होते, ते आता रोख पैसे मोजून किंवा उधारीच्या वहीत नाव घालून दुकानातून घ्यावे लागले. सरकारचा महसूल वाढला, मक्तेदार गब्बर झाला, कर्ज मात्र पिणाऱ्याच्या नावावर चढले.

हे सर्वांत आधी ज्यांनी ओळखले त्यांत जोतीराव फुले होते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढत असताना त्यांनी नगरपालिकेला लेखी हरकत कळवली. तात्यासाहेबांचा रोख दुकान वाढवणाऱ्या धोरणावर होता. आज राज्य सरकार दारूच्या करातून हजारो कोटी रुपये उभे करते आणि त्याच वेळी व्यसनमुक्तीच्या जाहिराती लावते. तेव्हा एकशे चाळीस वर्षांपूर्वीची ती हरकत जुनी झालेली नाही हे ध्यानात घ्यावे.

पुढे १९२२ साली पालघरच्या किनारपट्टीवरच्या कोळी वस्त्यांतून एक लाट उठली. सलाबाई नावाची देवी अंगात येते आणि दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा असा आदेश देते, अशी ती चळवळ होती. ती दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात वणव्यासारखी पसरली. गावेच्या गावे दारू सोडून मोकळी झाली आणि दारूच्या दुकानदारांचे धाबे दणाणले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सविस्तर लिहिले आहे. गरीब माणूस सामूहिकपणे दारू सोडू शकतो, त्याला कोणाच्या उपदेशाची वाट पाहावी लागत नाही, हा या घटनेचा पहिला धडा. दुसरा धडाही तितकाच मोलाचा आहे. आदेश देवीचा होता. देवीचा भर ओसरल्यावर अनेक ठिकाणी लोक पुन्हा प्यायला लागले. बाहेरच्या आदेशावर उभा राहिलेला निर्धार आदेश विरला की डळमळतो.

महाडपासून जाहीरनाम्यापर्यंत

आंबेडकरी चळवळीने दारूचा प्रश्न सुरुवातीपासून स्वाभिमानाचा प्रश्न मानला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. मुलांना शाळेत घाला, नीटनेटके राहा, आणि नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असे त्यांनी सांगितले. ज्या काळात घरातल्या बाईला ताट वाढण्यापलीकडे हक्क नव्हता, त्या काळात त्यांनी त्या ताटालाच तिचे हत्यार केले! बाबासाहेब स्वतः दारूला शिवत नसत. त्यामुळे "बाबासाहेब दारूच्या बाजूचे होते" असे म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावे.

मग १९५१ चे काय? त्याआधीचा क्रम लक्षात घ्यावा लागेल. १९३९ साली काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दारूबंदीची दुरुस्ती आली तेव्हा कोल्हापूरचे खर्डेकर आणि आदिवासींचे नेते जयपालसिंग यांनी तिला विरोध केला. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली, पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे याकडे बोट दाखवूनच स्वीकारली. तेच आजचे कलम ४७. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यानंतर चोरट्या भट्ट्या किती वाढल्या हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारा.

या पार्श्वभूमीवर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी फेडरेशनचा जाहीरनामा आला आणि त्यात दारूबंदीला स्पष्ट विरोध होता. कारणेही स्पष्ट होती. एक, सरकारचा महसूल बुडतो आणि शिक्षणासारख्या कामांना पैसा उरत नाही. दोन, चोरून गाळण्याचा धंदा घराघरांत शिरतो, आणि जी दारू आधी पुरुष दुकानात जाऊन पीत असे ती बायकामुलांच्या डोळ्यांदेखत चुलीवर तयार होऊ लागते. म्हणजे हा विरोध दारूच्या प्रेमापोटी नव्हता. दारूबंदीने दारू वाढते, हा तो आक्षेप होता. अर्थशास्त्रज्ञाचा हिशेब आणि वस्तीत वाढलेल्या माणसाचा अनुभव दोन्ही त्यात होते.

इतिहासाने हा आक्षेप खोडून काढलेला नाही. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या नावाने बंदी आली, गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या लढ्यातून आली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून आली आणि २०२१ साली उठली. बंदीसाठी महिलांनी काढलेले मोर्चे खरे होते, त्यांचे दुःख खरे होते. त्या बायांना आम्ही नावे ठेवणार नाही. उलट दुकान हटवण्यासाठी बायका आडव्या बाटलीला मतदान करतात तेव्हा तो आम्हाला लोकशाहीचा अस्सल वापर वाटतो, कारण दुकान जितके जवळ तितका मोह जवळ. पण दुकान बंद करणे आणि माणूस सावरणे ही दोन वेगळी कामे आहेत. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती कोणत्या वर्गाची होती हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

सतरावी प्रतिज्ञा काय मागते?

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली सतरावी दारूची. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, हाच दीक्षासोहळा चंद्रपुरात झाला. योगायोग पाहा, ज्या चंद्रपुरात सरकारी बंदी सहा वर्षांत आली आणि गेली, त्याच चंद्रपुरात १९५६ ची प्रतिज्ञा अजून उभी आहे. तिला कोणत्याही मंत्रिमंडळाचा ठराव उठवू शकत नाही. मात्र आपण ती रोज पाळत नसू तर ती नुसती भिंतीवरची चौकट आहे.

पंचशीलाची भाषा नीट ऐका. रोज विहारात म्हणतो म्हणून कान सरावले आहेत. पाचव्या शीलात मद्याला 'पमादट्ठान' म्हटले आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा, आणि ठान म्हणजे त्याचा ठाव. दारू विटाळ करते, नरकात नेते, देव कोपतो, यातले काहीही तिथे नाही. आक्षेप एवढाच की ती माणसाची सावधानता काढून घेते. दुसरा शब्द 'सिक्खापद', म्हणजे शिकण्याची पायरी. तिसरा शब्द 'समादियामि', म्हणजे मी स्वतःहून स्वीकारतो. कोणी आज्ञा करत नाही, कोणी शिक्षा देत नाही. शिकणारा स्वतः म्हणतो की मी हे शिकायला घेतो. आणि जे शिकायचे ते रोज गिरवावे लागते. एका दिवसात कोणी मुळाक्षरे शिकला आहे काय?

विनयातली कथाही याच अर्थाची आहे. सागत नावाचा भिक्खू मोठ्या सामर्थ्याचा, त्याने एका भयंकर नागाला वश केले होते. कौतुकाने कोसंबीच्या लोकांनी त्याला घरोघरी मद्य पाजले आणि तो नगराच्या वेशीतच कोसळला. बुद्धांनी भिक्खूंना विचारले, नागाला नमवणारा हा आज पाण्यातल्या साध्या सापाला तरी नमवू शकेल काय? तिथून भिक्खूंसाठी मद्याचा नियम झाला. कथा सांगते की सामर्थ्यवान माणूसही कोसळतो, आणि बहुतेक वेळा आपल्याच लोकांच्या कौतुकाने कोसळतो. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे पोरांना बाटली पुरवणारे 'भाऊ' आणि कोसंबीचे ते यजमान यांच्यात फरक काय?

इथे एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. काही पुरोगामी मित्र म्हणतात, दारू सोडणे, शुद्ध राहणे हा ब्राह्मणी संस्कारच आहे. त्यांना एम. एन. श्रीनिवास यांची 'संस्कृतीकरण' ही संकल्पना आठवत असते. खालच्या मानलेल्या जाती मांस-मद्य सोडून वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात आणि जातीच्या शिडीवर वर सरकू पाहतात, असे श्रीनिवास यांनी १९५२ च्या ग्रंथात मांडले. संकल्पना कामाची आहे, पण दीक्षाभूमीला ती लागू होत नाही. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याने शिडी चढायची नव्हती, शिडीच सोडून द्यायची होती. त्याच प्रतिज्ञांमध्ये ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून घेण्याला नकार आहे. शुद्धतेसाठी दारू सोडणारा दुसऱ्याला अशुद्ध ठरवतो. सावधानतेसाठी सोडणारा फक्त स्वतःवर नजर ठेवतो. म्हणून पिणाऱ्या भावाला हिणवणारा निर्व्यसनी माणूस आमच्या लेखी अर्धाच धम्म पाळतो.

आरसा

स्वतःवर नजर ठेवायची म्हणजे काय करायचे? याचे उत्तर राहुलाला केलेल्या उपदेशात आहे. मज्झिम निकायात तो प्रसंग येतो. बुद्ध आपल्या लहान मुलाला विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. मग बुद्ध सांगतात, तसेच काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म तीनदा पाहा. करण्याआधी, करताना आणि केल्यावर. यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होईल काय? होणार असेल तर करू नकोस, करत असशील तर थांब. होऊन गेले असेल तर जाणत्या सोबत्यापुढे उघड कर आणि पुढे सावध राहा. चांगले झाले असेल तर आनंदाने शिकत राहा.

हा उपदेश फक्त भिक्खूंपुरता ठेवू नये असे एका सम्राटाला वाटले होते. राजस्थानातल्या बैराट येथे १८४० साली अशोकाचा एक शिलालेख सापडला, भाब्रू लेख म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यात अशोकाने सात धम्मवचने नावानिशी सांगितली आहेत आणि भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही ती वारंवार ऐकावीत असे म्हटले आहे. त्या सातांत राहुलाचा उपदेश आहे. दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यावरच्या स्तंभावर अशोकाचा आणखी एक लेख आहे. माणसाला आपले चांगले काम दिसते, वाईट काम दिसत नाही, आणि स्वतःला असे तपासणे फार कठीण आहे, असा त्याचा आशय. कलिंगचे युद्ध करून पस्तावलेला राजा हे लिहितो म्हणून त्याला वजन आहे.

हे तपासणे एकट्याने करायचे नसते हेही संघाने ओळखले होते. पौर्णिमा-अमावास्येला उपोसथ, आणि वर्षावास संपताना पवारणा. पवारणेत प्रत्येक भिक्खू बाकीच्यांना विनंती करतो की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले, ऐकले किंवा तुम्हाला तसा संशय आला असेल तर कृपा करून मला सांगा. थेरसुद्धा हात जोडून हेच म्हणतो.

आता अमेरिकेकडे पाहा. १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झाली. तिच्या बारा पायऱ्यांतली दहावी पायरी रोज स्वतःचा झाडा घेत राहण्याची आणि चुकल्यास लगेच कबूल करण्याची आहे. तिथला अनुभव असा की दारू कायमची सुटली असे कोणी म्हणू नये, ती फक्त आजच्या दिवसापुरती सुटलेली असते. या बैठका मराठीतही होतात आणि त्यातून अनेक घरे सावरली आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून उपचार आणि पाठपुरावा दोन्ही करत आहे.

आमच्या कार्यकर्त्यांना इथे एक अडचण वाटते. त्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा आधार आहे, आणि ईश्वर मानणे आम्हाला मान्य नाही. अडचण खरी आहे. पण त्यासाठी बैठकीला जाणाऱ्या माणसाला अडवणे हा कर्मठपणा झाला. ती संस्थाही ईश्वराचा अर्थ ज्याचा त्याने ठरवावा असे म्हणते. आपल्यापेक्षा मोठा आधार बौद्धाला हवा असेल तर 'संघं सरणं गच्छामि' तो रोज म्हणतोच. संघ म्हणजे आकाशातली शक्ती नव्हे, हाडामांसाची माणसे. रात्री अकराला तलफ आल्यावर फोन उचलणारा मित्र हा त्या क्षणी त्याचा संघ आहे.

विहाराने काय करावे?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणूस दारू सोडतो तेव्हा टाळ्या वाजतात. चौथ्या महिन्यात तो एकटा पडतो. जुने मित्र बोलावतात, घरचे अजून विश्वास ठेवत नाहीत, रिकामी संध्याकाळ खायला उठते. प्रतिज्ञा त्याला ठाऊक असते, पण संध्याकाळी सात ते दहा काय करायचे ते ठाऊक नसते. तेव्हा काही साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट दवाखान्याची. जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो त्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. अंग थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे यातून जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग विहार. व्यसन हा आजार आहे हे मान्य करणे प्रतिज्ञेच्या विरुद्ध नाही.

दुसरी गोष्ट रोजच्या आरशाची. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसावे आणि स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आज प्यावेसे कधी वाटले आणि त्याआधी नेमके काय घडले होते? आज मी कोणाला दुखावले? कोणते खोटे बोललो? उद्या कोणत्या वेळी सावध राहायचे आहे? लिहिता येत असेल त्याने वहीत दोन ओळी लिहाव्यात, नसेल त्याने बायकोला, मुलाला, मित्राला सांगावे. बहुतेकांना आठवड्याभरात कळते की तलफ उगाच येत नाही. अपमान, भूक, थकवा, भांडण, पगाराचा दिवस, असे तिचे ठरलेले रस्ते असतात. रस्ता कळला की वळण घेता येते.

तिसरी गोष्ट वर्षावासाची. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. ते तीन महिने दारू सोडलेल्यांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. भाषण नको, हार-तुरे नकोत. प्रत्येकाने आपले सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. जो घसरला त्यालाही खुर्ची मिळावी, कारण शिकणारा पाटीवर चुकणारच. शेवटी आपली पवारणा व्हावी. त्यात विहार समितीच्या पदाधिकाऱ्यांनी सर्वांत आधी उभे राहून माझे काय चुकले ते सांगा असे विचारावे. रात्री बसणारा पदाधिकारी सकाळी पंचशील देत असेल तर पोरे त्याचे शील घेतील की त्याची रात्र?

चौथी गोष्ट बायांची. महाडला बाबासाहेबांनी ज्यांच्या हाती प्रश्न सोपवला त्यांनाच आज या कामात बोलू दिले जात नाही. दारू सुटलेल्या घरात त्या बाईला काय वाटते, तिचा राग कुठे जातो, मुलांची भीती कशी जाते, यासाठीही बैठक हवी. नवरा सुधारला म्हणून तिने सगळे विसरावे अशी सक्ती करणे हा दुसरा अन्याय आहे.

सरकारशी भांडण सोडा असे आम्ही म्हणत नाही. वस्तीच्या तोंडावरच्या दुकानाविरुद्ध लढले पाहिजे, जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा मागितल्या पाहिजेत, दारूच्या महसुलातला वाटा उपचारासाठी मागितला पाहिजे. फुले आणि आंबेडकरांचा तो वारसा आहे. पण परवान्याचा निकाल लागेपर्यंत आपल्या भावाने काय करायचे? आजची संध्याकाळ सरकारच्या हातात नाही, त्याच्या हातात आहे आणि आपल्या हातात आहे.

१९५६ साली आपल्या आजोबा-आजींनी सतरावी प्रतिज्ञा एकदा घेतली. ती एकदा घेऊन संपत नाही. या वर्षावासात तुमच्या विहारात अशी एक संध्याकाळ सुरू करा. दोनच माणसे आली तरी चालेल. अ‍ॅक्रनलाही दोघेच होते.

जय भीम! नमो बुद्धाय!